शेवटच्या बाकांचा प्याला

तुमच्या बाजूनं कोण आहे, असं भरल्या सभेत कधी विचारलं गेलंय का? तुम्ही समोर उभे असताना? मला विचारलं गेलं.

परळचं आमचं लूथरन चर्च. आमच्यात एक रीत आहे. पाळक, म्हणजे धर्मगुरू, व्हायचं तर नुसतं स्वतःला वाटून चालत नाही, मंडळीनं, म्हणजे चर्चच्या सभासदांनी, शिकायला पाठवावं लागतं. उमेदवार वेदीसमोर उभा राहतो, पाळक विचारतात, राजी असलेले उठतात. त्या रविवारी उमेदवार मी होते. चाळीतली पहिली. मुलगीही पहिली.

पाळकसाहेबांनी विचारलं, "हिला धर्मशिक्षणाला पाठवायला मंडळी राजी आहे का? असाल तर उभे राहा."

पुढचे बाक हलले नाहीत. दादरची, गिरगावची घराणी. बँकेतली, कचेरीतली माणसं. कोणी गीतांचं पुस्तक चाळत होतं. एका बाईंनी पदर सारखा केला आणि बसून राहिल्या. त्यांच्या मुलांना दर रविवारी मीच शिकवत होते.

आई उठली. एकटी. वडील नव्हते. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. आता ते वरळीला एका इमारतीवर पहारा देतात, आणि रविवारी रजा मागितली तर काम जातं. मागच्या बाकांवर आमच्या चाळीतली ख्रिस्ती माणसं होती. ती पुढच्यांकडे बघत राहिली. पुढचे उठले की उठायचं, ही सवय.

मग कमलमावशी उठली. डिलाईल रोडला आमच्या शेजारी राहते, खानावळ चालवते. बौद्ध. आईनं कौतुकानं बोलावलं म्हणून आली होती, सोबत खानावळीत काम करणाऱ्या तिघी. त्यांना वाटलं, प्रश्न सगळ्यांनाच आहे. चौघी ताठ उभ्या.

पुढून कोणीतरी हसलं. मंडळीचे मुख्य पंच मान न वळवता म्हणाले, "त्या बायका आपल्यातल्या नाहीत. बसवा त्यांना. नाहीतर बाहेर काढा."

पाळकसाहेब माझ्याजवळ आले. हळूच म्हणाले, त्यांना बाहेर नेऊन ये, विषय इथंच मिटेल, पुढच्या महिन्यात मी पंचांना समजावतो. म्हणजे बाहेर काढायचं कामही मीच करायचं. केलं, तर मला पाठवणार.

मी मागे गेले. सगळ्यांना वाटलं, त्यांना बाहेर नेते आहे. मी कमलमावशीच्या बाजूला जाऊन उभी राहिले.

"या जाणार नाहीत," मी म्हणाले. आवाज फाटला. पण वेदीपर्यंत पोचला.

मला नाकारलं गेलं. उपासना पुढे चालू झाली. मध्येच पंखा बंद पडावा आणि पुन्हा लागावा, तशी.

नंतर बाजूच्या खोलीत पाळकसाहेबांनी खरं कारण सांगितलं. वाईट माणूस नाहीत. भित्रे आहेत. "प्रभुभोजनाचा प्याला एकच असतो, बाळ. उद्या तो तुझ्या हातात येणार. पुढची घरं तो तुझ्या हातून घेणार नाहीत."

द्राक्षारसाच्या त्या प्याल्यातून सगळी मंडळी ओळीनं पिते, पुढचे बाक आधी. जन्मभर आम्ही त्यातून शेवटी प्यायलो. मला वाटायचं, मागे बसतो म्हणून शेवटी पोचतो. उलटं होतं. शेवटी प्यायला लावायचं होतं म्हणून मागे बसवलं होतं. माझे आजोबा तेलुगू मुलखातून गिरणीत मागावर काम करायला आले. पुढच्यांचे आजोबाही तिकडचेच. धर्म दोघांनी बदलला. पुढच्यांनी आपली वरची जात सोबत आणली आणि तिला शिस्त म्हटलं.

आमची शिकवण सांगते, बाप्तिस्मा घेतलेला प्रत्येक माणूस देवापुढे याजक, म्हणजे पुरोहित. मी ती पाठ केली होती. पुढच्यांनीही केली होती. पण मी संपाच्या पत्रकांवर अक्षरं गिरवलेली पोर. छापलेलं खरं करायचं असतं, असं समजणारी.

बाहेर मावशी थांबली होती. मला तिच्याकडे बघवेना. तीच म्हणाली, "काय गं, तुमच्यात उभं राहायला पण पास लागतो काय?" मग म्हणाली, "देव-बीव आम्ही मानत नाही. अभ्यास मानतो. दुपारी पंगत उठली की टेबल रिकामं असतं. ये."

गेले. अजून जाते. मंडळीच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाच्या वर्गात घेत नाहीत, म्हणून बाहेरून परीक्षा देते. बायबलसाठी लागणारी ग्रीक क्रियापदं मी बांगड्याच्या कालवणाच्या वासात पाठ केली. खानावळीतल्या त्या तिघींतली एक समोर बसून ऐकते. तिला त्यातलं काही कळत नाही, पण मी अडखळले की बरोब्बर कळतं. "परत म्हण," म्हणते. आता मागच्या बाकांवरचेही येऊन बसतात. त्या दिवशी न उठलेलेच. आधी लाजत यायचे. आता भांडतात, कोण चहा आणणार म्हणून.

लोक सांगतात, ती मंडळी सोड, दुसरीकडे जा. सोडणार नाही. सोडली तर प्याला त्यांच्या मालकीचा होईल. परीक्षा संपल्या की मी त्याच वेदीसमोर उभी राहणार. नाकारलं तर पुन्हा. मग पुन्हा.

तुम्ही पुढच्या बाकावर बसत असाल, तर एवढं करा. येत्या प्रभुभोजनाला जागचे हलू नका. मागच्यांना आधी जाऊ द्या. त्यांचं झालं की उठा, आणि त्याच प्याल्यातून प्या.