खालच्या काकूंचा डावा आरसा

आमच्या इमारतीतल्या खालच्या काकू गाडीचा आरसा बदलायला भाजी निवडायला बसल्यासारख्या बसत. पार्किंगमध्ये वर्तमानपत्र पसरायचं, स्क्रू ठेवायला वाटी घ्यायची, चष्मा पुसायचा. काका गेल्यावर, साठीच्या उंबरठ्यावर त्या गाडी शिकल्या होत्या. मी तेव्हा हिंजवडीला नव्या नोकरीत होते, कंपनीच्या बसने जायचे आणि रविवारच्याही कामांची यादी करायचे. त्या यादीत काकू शिरल्या त्या आपणहून. "वर नुसती उभी राहून बघतेस काय? खाली ये, आरसा धर."

तुटायचा नेहमी डावाच, आणि तोही शनिवार पेठेत. तिथे त्यांची थोरली बहीण, अक्का, राहायची. अक्काचे गुडघे पार गेले होते. काकूंच्या गाडीतून रविवारी खडकवासल्यापर्यंत जाऊन येणं, एवढंच तिचं बाहेरचं जग. तिच्या बोळात एखादा स्कूटरवाला डावीकडून घुसला, की आरसा गेलाच. "पुण्यात उजवीकडून फक्त पाहुणे जातात," काकू म्हणायच्या.

"गॅरेजला का देत नाही?" मी एकदा विचारलं.

"गॅरेजवाला माझ्या मुलाचा मित्र आहे. आरसा त्याच्याकडे उतरवला, की बातमी अमेरिकेत."

मुलगा तिकडे सॉफ्टवेअरमध्ये होता. दर फोनला एकच धोशा : आई, गाडी विकून टाक, रिक्षाने जात जा. त्यावर काकूंचं उत्तरही ठरलेलं. "रिक्षा कुठे जाणार ते रिक्षावाला ठरवतो. मी कुठे जाणार ते मी ठरवते."

आरसा त्या नाना पेठेतून स्वतः पारखून आणत. दाराच्या आतल्या कोपऱ्यातलं त्रिकोणी झाकण, स्क्रू ड्रायव्हरला फडकं गुंडाळून, अलगद उचकटायचं. खालच्या फटीत दुसरं फडकं कोंबायचं, म्हणजे स्क्रू दारात पडत नाही. मग तीन स्क्रू. तोवर मी बाहेरून आरसा धरून उभी. एकदा मधेच माझा फोन वाजला आणि मी हात सैल केला. काकूंनी मानही वर केली नाही. "कंपनीला सांग, हात सध्या दुसरीकडे कामाला आहे."

दिवाळीत मुलगा आला. उन्हाने विटलेल्या गाडीवर एकच आरसा चकाकत होता.

"आई, हा नवा कसा?"

"दिवाळी आहे. गाडीला नको का काही नवीन?"

तो हसला आणि आईला चालवू देत मागच्या सीटवर बसला.

पुढे एका रविवारी मी खाली गेले, तर वर्तमानपत्र पसरलेलं नव्हतं. काकू पायरीवर बसल्या होत्या. गाडीचा डावा आरसा मोडून लोंबत होता.

"आज कोण घुसला?"

"माहीत नाही."

"म्हणजे?"

"अगं, आजवर दर वेळी आवाज ऐकला. माणसाला दोन शब्द सुनावले. आज घरी आले, गाडीचं दार लावलं, तेव्हा दिसलं. कुठे लागलं, कुणाला लागलं का, काही कळलंच नाही."

मी म्हणाले, "गर्दीत होतं असं एखाद्या वेळी. नवा लावू या."

"लावू या. पण माझ्यासाठी नाही. मोडकी गाडी कुणाला द्यायची नाही."

त्या दिवशी आरसा त्यांनी धरला, स्क्रू मी पिळले. मग आत जाऊन त्यांनी स्वतःच मुलाला फोन लावला. अक्काला सांगायचं मात्र त्यांच्याच्याने होईना. शेवटी गाडी मीच घेतली, रविवारसकट.

काकू जाऊन आता बरीच वर्षं झाली, तरी त्या पहिल्या रविवारचा घाम मला आठवतो. माझ्याकडे परवाना होता, सवय नव्हती. शनिवार पेठेतल्या बोळात मी गाडी अक्षरशः इंचाइंचाने काढत होते. शेजारी काकू दोन्ही हात मांडीवर ठेवून, समोर बघत बसल्या होत्या. मागून अक्काने विचारलं, "आज गाडी इतकी हळू का गं चाललीय?"

"चालू दे," काकू म्हणाल्या. "शिकतेय ती."