हिलाल आप्पांचं मराठी कपाट

लग्नाचा बस्ता बांधायला खानदेशातून सुरतेला येणाऱ्या मंडळींची वाट ठरलेली असते. सकाळी स्टेशनवर उतरायचं, लिंबायत-नवागामातल्या कुणा नातेवाइकाकडे चहा-आंघोळ उरकायची आणि कापड मार्केटची शटरं वर जायच्या आत दारात हजर व्हायचं. हिलाल आप्पांकडे उतरलेल्यांचं मात्र नशीब वेगळं असे. आप्पा त्यांना आधी संग्रहालयात नेत, मग ग्रंथालयात, आणि दोन्हीकडे पाय पुरेसे दुखले की मग साड्यांच्या दुकानात. नवरीची आई रडकुंडीला येई. आप्पा बधत नसत. "सुरतले उना आनि नुसता साड्या लई गया, तो सुरतले उनाच नही," हे त्यांचं अहिराणीतलं ब्रीद होतं; उना म्हणजे आला.

आप्पा आमच्या समोरच्या घरात राहत. मी लिंबायतच्या एका मराठी शाळेत शिकवते, म्हणून ते मला 'बाई' म्हणत आणि माझ्या घरात वर्तमानपत्र येतं म्हणून मला विद्वान समजत. मी तो गैरसमज कधी दूर केला नाही. ते स्वतः जन्मभर पॉवरलूमच्या खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात होते. मागांच्या खडखडाटाने कान अर्धे गेलेले, त्यामुळे त्यांचं कुजबुजणंसुद्धा चौथ्या घरात ऐकू जाई. असा माणूस 'शांतता राखा' या पाटीखाली बसून पाहुण्यांशी गप्पा मारी, तेव्हा स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन बसलेल्या सगळ्या मुलांना आप्पांच्या व्याह्याचं गुडघ्याचं दुखणं तपशीलवार कळत असे.

संग्रहालयात ते मार्गदर्शक असत. तिथल्या पाट्या इंग्रजी आणि गुजरातीत. त्या न वाचता आप्पा वस्तूंची माहिती देत आणि ती दर खेपेला बदलत असे. चिनी मातीचं एक मोठं ताट कधी नवाबाचं असे, कधी नवाबाच्या जावयाचं. बरोबर जावई असला तर हमखास जावयाचं. एकदा चोपड्याकडच्या एका पाहुण्याने छाती पुढे काढून विचारलं, "आप्पा, महाराजांनी सुरतेतून जे नेलं, ते कोणत्या दालनात आहे?" आजूबाजूला सगळी सुरतेची माणसं. आप्पांनी पाहुण्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "अरे भो, लई गयात ते आठे कसं राही?" दारावरचा पहारेकरी इतका हसला की त्याने आम्हांला पुढचं दालन वेळ संपल्यावरही उघडून दाखवलं.

पण आप्पांचा खरा जीव होता तो जुन्या शहरातल्या ग्रंथालयात. त्या ग्रंथालयाचं नाव मी सांगणार नाही, कारण तिथली माणसं अजून तिथेच नोकरीला आहेत. उंच छत, हळूहळू फिरणारे पंखे, भिंतीवर देणगीदारांची तैलचित्रं. देणगीदारांची चित्रं पुस्तकांपेक्षा जास्त वेळा पुसली जातात असं माझं निरीक्षण आहे. अगदी मागच्या कोपऱ्यात एक काचेचं कपाट होतं. त्याच्यावर पिवळ्या रंगात लिहिलेलं होतं : मराठी.

आप्पा मिसरूड फुटायच्या वयात सुरतेला आले. बसच्या पाट्या गुजरातीत, रेशनच्या दुकानाची पाटी गुजरातीत, खात्यातल्या सूचनाही गुजरातीत. सुट्टीच्या दिवशी भटकताना पाऊस आला म्हणून ते त्या इमारतीत शिरले आणि या कपाटासमोर थबकले. "बाई, आख्खा गावमा माले वाचता ई असं तेवढं एकच व्हतं," ते मला म्हणाले होते. तेव्हापासून दर सुट्टीला ते कपाटाजवळच्या बाकावर जाऊन बसत. पुस्तक काढत नसत. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "वाचाले नही उनं तं बठाले जावानं. पुस्तक काय चावस का?" माणूस देवळातही पोथी वाचायला थोडाच जातो, असा त्यांचा एकूण हिशेब होता.

मग एक दिवस ग्रंथपालांनी त्यांना बोलावून बातमी दिली. ग्रंथपाल गुजराती, स्वभावाने भला माणूस. नव्या समितीने नियम केला होता : ज्या कपाटातली पुस्तकं येत्या वर्षभरात कुणी घरी नेली नाहीत, ते कपाट तळघरात जाईल आणि तिथे संगणक बसेल. मराठी कपाटाची शेवटची नोंद कधीची आहे हे ग्रंथपालांनाही आठवत नव्हतं. "काका, हुं शुं करुं?" ते म्हणाले. आप्पा त्या दिवशी माझ्याकडे आले, चहा समोर थंड होऊ दिला आणि एवढंच म्हणाले, "बाई, ते मराठी नाव झाकाई जाई." एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस इतकं हळू बोलू शकतो हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवसापासून मात्र त्यांचा आवाज परत आला. आप्पांनी गल्ली कामाला लावली. रिक्षावाले, साड्यांना लेस लावणाऱ्या बायका, पिठाच्या गिरणीवाला, झाडून सगळे ग्रंथालयाचे सभासद झाले. बस्त्याला आलेल्या पाहुण्यांनाही सभासद करता येईल का, अशी चौकशी आप्पांनी केली; गावचा पत्ता चालत नाही म्हणून ते पाहुणे वाचले. रिक्षा भरून पुस्तकं लिंबायतला आली आणि घरोघर वाटली गेली. कपाटात कादंबऱ्या मोजक्याच. बाकी सगळे इतिहास, टीका, चरित्रं, निबंधसंग्रह. गिरणीवाल्याला संतवाङ्मयाची मीमांसा मिळाली. लेसवाल्या सुमनबाईच्या वाट्याला नाण्यांचा इतिहास आला. मला व्याकरण आलं. ते मी उघडलं नाही, शाळेत त्याची रोज गाठ पडते.

"फाटाले नको, मळाले नको, सरस्वती शे," असा आप्पांचा हुकूम होता आणि गल्लीने तो जरा जास्तच पाळला. साडी ज्या चेनच्या पारदर्शक पिशवीत येते, ती आमच्याकडे घरोघर ढिगाने असते. प्रत्येक पुस्तक अशा पिशवीत गेलं, चेन बंद झाली आणि पिशवी देवघराच्या फळीवर चढली. परत करायच्या दिवशी आप्पा रिक्षा घेऊन येत, पुस्तकं गोळा करत आणि दुसरी आणून वाटत. दसऱ्याला बायकांनी पाटीपूजनाबरोबर तीही पिशवीतून काढून पुजली. पूजेतल्या पुस्तकाला हात लावायचा नसतो, त्यामुळे तेवढे दिवस तर न वाचण्याला शास्त्राचा आधारच मिळाला. सुमनबाईला मी विचारलं, "पुस्तक कसं आहे?" ती म्हणाली, "चांगलं शे ना बाई, घरमा बरकत उनी."

वर्ष संपलं तेव्हा गुजराती, हिंदी, इंग्रजी सगळ्यांना मागे टाकून मराठी कपाट ग्रंथालयात पहिलं आलं होतं. ग्रंथपाल आप्पांना मिठी मारून म्हणाले, "काका, तमे तो कमाल करी!" गोष्ट इथेच थांबायला हवी होती. पण आपल्याकडे चांगलं काही झालं की त्याचा सत्कार होतो, आणि सत्कारात हमखास घात होतो. समितीला वाटलं, कामगार वस्तीत एवढी वाचनभूक! अहवालात घालण्याआधी एका मोठ्या अभ्यासकाने कपाटाची पाहणी करावी, शिफारस लिहावी आणि त्याच दिवशी वाचकांचा सन्मानही व्हावा.

डॉक्टरसाहेब आले. जुन्या सुरतेच्या इतिहासावरचे अधिकारी पुरुष, मराठी, शालीन, खादीचा झब्बा. आमची गल्ली चांगले कपडे घालून शेवटच्या रांगांत बसली होती आणि आप्पा पहिल्या रांगेत घामाने भिजत होते. साहेबांनी भाषण सुंदर केलं. सुरतेच्या पेठांवरचा एक जाडजूड मराठी ग्रंथ त्यांनी कपाटातून काढून उंच धरला. म्हणाले, "मित्रहो, माझा प्रबंध या ग्रंथाच्या खांद्यावर उभा आहे. याच बाकावर बसून, याच प्रतीचं पान न् पान मी उलटलं आहे." टाळ्या झाल्या. मग मागच्या कव्हरावरची, कुणी कधी नेलं त्याची नोंद पाहून ते गहिवरले. "आणि आज हाच ग्रंथ लिंबायतमधल्या इतक्या घरांत वाचला जातो!"

त्यांनी ग्रंथ उघडला. वरच्या कव्हरावर हळदीकुंकवाची बोटं होती, ती त्यांनी हसून दाखवली. मग पान उलटू लागले, तर पान उलटेना. पूर्वी छापलेला मोठा कागद घडी करून तसाच शिवत. कडा दुमडलेल्याच राहत आणि वाचणाऱ्याने त्या सुरीने सोडवून घ्यायच्या असत. या ग्रंथाच्या कडा कुणी सोडवलेल्याच नव्हत्या. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळा ग्रंथ आईच्या पोटात असावा तसा बंद. साहेबांनी मधे उघडून पाहिला, शेवटी पाहिला. समितीच्या अध्यक्षांनी मान लांब करून पाहिलं. आम्ही गप्प होतो, कारण आम्ही वाचला नव्हता. साहेब गप्प होते, कारण त्यांनी तर त्यावर प्रबंध लिहिला होता.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "हे असं कसं?"

आता कपाट गेलं, असं मला वाटलं. आप्पा उठले. साहेबांच्या हातातून त्यांनी ग्रंथ अलगद घेतला, खालीवर पाहिला आणि खात्यातल्या आवाजात म्हणाले, "काही नही साहेब. जुनं पुस्तक शे. बराच दिन कोन्ही उघाडं नही का पानं परत जुडी जातस. दमट हवा शे ना सुरतनी."

डॉक्टरसाहेबांनी आप्पांकडे पाहिलं. बुडत्याला काडी सापडावी तशी त्यांची नजर होती. "अगदी बरोबर," ते म्हणाले. "दमट हवामानात जुन्या कागदाचं असं होतं. संवर्धनाचा महत्त्वाचा प्रश्न आहे हा." मग त्यांनी जागच्या जागी शिफारस लिहिली : कपाट हलवू नये, उलट त्याला आणखी एक कपाट जोडावं. अध्यक्षांनी सही केली. अहवालात दमट हवेवर एक स्वतंत्र परिच्छेद आला असं मी नंतर ऐकलं.

आम्ही रिक्षात बसलो तेव्हा मला हसू आवरत नव्हतं. आप्पा मात्र हसले नाहीत. मांडीवर तोच ग्रंथ होता. त्यांनी तो स्वतःच्या नावावर घेतला होता. "बाई," ते म्हणाले, "तो खोटं बोलना, मी बी खोटं बोलनू. लिखनारानी काय पाप करेल व्हतं?"

त्या दिवसापासून आप्पा वाचायला लागले. सूत कापायचं पातं घेऊन दोन पानं सोडवत आणि तेवढीच मोठ्याने वाचत. त्यामुळे सुरतेच्या पेठांचा इतिहास सगळ्या गल्लीला सक्तीने झाला. पुस्तक रटाळ होतं. आप्पा मधेच थांबून लेखकाला ऐकवत, "अरे बाबा, जकात संपाड आते, पुढे चाल." तरी सोडलं नाही. मुदत संपली की ग्रंथालयात जाऊन तेच पुस्तक पुन्हा नावावर करून आणत. डोळे अधू, अक्षर बारीक, वाचन बैलगाडीच्या चालीचं. दुखणं आलं तेव्हा निम्म्याच्याही अलीकडे होते.

शेवटी हातात पातं धरवेना. मी त्यांच्या उशाशी बसून म्हणाले, "आप्पा, पुढची पानं मी सोडवते आणि भराभर वाचून दाखवते. शेवट तरी कळेल."

त्यांनी मान हलवली. "नको. आते मी गया तं लोके म्हनतीन, आप्पा वाचता वाचता गया. शेवटपर्यंत वाचं तं म्हनतीन, वाचीसन बी तसाच गया."

आणि तसंच झालं. दहाव्याला जो तो म्हणत होता, "आप्पा वाचता वाचता गेले." कोणतं पुस्तक, कशावरचं, हे कुणाला सांगता आलं नाही. सुमनबाईने तर ती पोथी होती असं छातीठोकपणे सांगितलं. गल्लीतली पुस्तकं अजून चेनच्या पिशव्यांतून जातात आणि येतात, आणि मराठी हे नाव पिवळ्या रंगात जागच्या जागी आहे.

तो ग्रंथ परत करायला मी गेले. ग्रंथपालांनी तो उघडला, सोडवलेली पानं एकेक करून उलटली आणि न सोडवलेली पानं आली तिथे त्यांचं बोट अडलं. कपाटात ठेवायला म्हणून त्यांनी किल्ली काढली, तेव्हा मी म्हटलं, माझ्या नावावर लिहा. त्या एवढ्या मोठ्या ग्रंथालयात हे एकच पुस्तक असं आहे की ते कुठवर वाचलं गेलंय, हे शपथेवर सांगता येतं.