पिवळ्याचा सव्वा महिना

आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणी उगाच माझी कीव करायला नको. टाकीतले सगळे मासे मी मारले. लाइट गेलेली नव्हती, पाणी बिघडलेलं नव्हतं, दुकानदारानं फसवलेलं नव्हतं. मला सगळं कळत होतं आणि तरी मी ते केलं.

डोंबिवलीच्या आमच्या घरात, हॉलमध्ये, चार फुटी खाऱ्या पाण्याची टाकी आहे. बारा वर्षं सांभाळलेली. त्यात काही छोटे मासे आणि क्लाउन माशांची जोडी होती, नारंगी, अंगावर पांढरे पट्टे. क्लाउनमध्ये मादी मोठी आणि नर लहानखुरा, सतत तिच्या मागे मागे. हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, बरोबरच आहे. वडील तेव्हा नुकतेच गेलेले. ती त्या नराला दादला म्हणायला लागली, आमच्यात नवऱ्याला म्हणतात तसं. सकाळी चहाचा कप घेऊन टाकीसमोर बसायची आणि दादल्याला दोन शब्द सुनवायची. वडिलांनाही ती तसंच सुनवायची, त्यामुळे मला काही वेगळं वाटायचं नाही.

आईचं माहेर ठाण्याच्या खाडीकाठचं, मिठागरावर राबणारं. लहानपणी अनवाणी पायांनी मीठ ओढलेली बाई ती. मी बादलीत विकतचं मीठ ढवळायला बसलो की तिची भारी करमणूक व्हायची. माझ्या बापानं मीठ पिकवलं आणि माझा पोर मीठ दुकानातून आणतो, हे ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. पण मग बोट बुडवून चाटायची आणि पाणी अळणी आहे की जड, ते सांगायची. मी मीटर लावायचो. बहुतेक वेळा मीटर तिचीच री ओढायचा.

नवा मासा आणला की तो थेट मोठ्या टाकीत सोडायचा नाही, हा या छंदातला पहिला नियम. समुद्राचे मासे अंगावर, कल्ल्यांत, डोळ्यांना न दिसणारे किडे घेऊन येतात. मासा खातो-पितो, ठणठणीत दिसतो, आणि टाकीत सोडला की आठवड्यात सगळं साफ. म्हणून नव्या पाहुण्याला वेगळ्या टाकीत ठेवायचा. माझी ती टाकी मागच्या बाल्कनीत असायची, नुसती काच, लपायला प्लास्टिकच्या पाइपचा तुकडा, आणि पाण्यात तांब्याचं औषध. तांब्यानं प्रवाळ आणि गोगलगायी मरतात, त्यामुळे ते मोठ्या टाकीत घालता येत नाही. मी चाळीस दिवस ठेवायचो. एकही दिवस कमी नाही.

आईला हे समजावून सांगावं लागलं नाही. चाळीस दिवस म्हणजे सव्वा महिना, झालं. माझी मुलगी जन्मली तेव्हा आईनं सव्वा महिना बाळंतिणीच्या खोलीत बाहेरचं कुणी फिरकू दिलं नव्हतं. तिचा सख्खा भाऊ टिटवाळ्याहून बाळ बघायला आला, त्याला दारातच चहा पाजून परत पाठवलं. मामा दोन वर्षं रुसलेला. आई म्हणायची, रुसू दे, रुसून कुणी मरत नाही. बाल्कनीतल्या टाकीला ती बाळंतिणीची खोलीच म्हणायची आणि मासा कितव्या दिवसात आहे ते माझ्याआधी तिच्या लक्षात असायचं.

आणि माझी नोकरी कसली, तर एमआयडीसीतल्या औषधांच्या कंपनीत क्वालिटी खात्यात. बाहेरून आलेल्या कच्च्या मालाच्या पिंपावर पिवळं लेबल लावायचं, तपासणी पुरी होईपर्यंत हात लावू द्यायचा नाही, मगच हिरवं. एकवीस वर्षं मी हेच करतोय. प्रॉडक्शनवाले येऊन डोक्यावर बसतात, ऑर्डर अडलीय म्हणतात, मोठ्या साहेबांचा फोन लावून देतात. मी ढिम्म हलत नाही. खडूस म्हणून माझी ख्याती आहे आणि मला तिचा अभिमान होता. बाल्कनीतल्या टाकीवरही मी कंपनीसारखंच पिवळं लेबल लावायचो, आलेल्या तारखेसकट. सुटायची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर गोल करून ठेवायचो.

गेल्या वर्षी आईला अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं तुटक झालं. जुनं सगळं पक्कं, पण सकाळचं दुपारी आठवत नसे, मध्येच एखादं नवं तेवढं वर यायचं. तिचा पलंग आम्ही हॉलमध्ये टाकीसमोर मांडला. दिवसभर ती माशांकडे बघत पडून राहायची. फोनवर एकदा तिला पिवळ्या टँग माशाचा फोटो दाखवला, पानासारखा चपटा, अख्खा पिवळाधमक. डाव्या हाताचं बोट स्क्रीनवर ठेवून म्हणाली, हा आण. मी ठाण्याच्या दुकानातून आणला. खुर्चीत बसवून तिला बाल्कनीच्या दारापर्यंत नेली, लेबल दाखवलं. तिनं मासा बघितला, लेबल बघितलं, आणि मान हलवली. होऊ दे त्याचा सव्वा महिना, असं काहीतरी पुटपुटली.

मग तिची किडनी कुरकुरायला लागली. हॉस्पिटलमध्ये चार दिवस काढले, पाचव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं. या वयात फार छळू नका, घरी न्या, महिना निघाला तर निघाला, असं म्हणाले. घरी येताना रिक्षात मी आईला धरून बसलेलो आणि डोक्यात वजाबाकी चाललेली. पिवळ्याचे बारा दिवस झालेत, अठ्ठावीस उरलेत. आईकडे अठ्ठावीस असतील की नाही?

दुसऱ्याच दिवशी मी जाळी घेऊन बाल्कनीत गेलो. औषधाचा कोर्स अर्ध्यावर होता. पण मासा काय मस्त दिसत होता, पाइपातून बाहेर येऊन हातातलं खात होता. बायको दारात आली. माझी बायको फार बोलत नाही.

"आईंनी आत्ताच मागितलाय का तो?" तिनं विचारलं.

मी तिच्यावर खेकसलो. माझी आई आहे, मला कळतं तिला काय हवंय, असलं काहीतरी बोललो. बायको आत निघून गेली. मी लेबल फाडलं आणि पिवळ्याला मोठ्या टाकीत सोडला. आई हसली, अर्ध्या तोंडानं. खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आयुष्यात एकदा खडूसपणा सोडला, असं स्वतःचंच कौतुक केलं.

तिसऱ्या दिवशी पिवळा दगडाला अंग घासायला लागला. चौथ्या दिवशी पंपाच्या तोंडाशी जाऊन धापा टाकत उभा राहिला आणि अंगावर तांदळाची पिठी भुरभुरल्यासारखं दिसायला लागलं. मी रजा टाकली. माशांना बाहेर काढायचं तर आधी बारा वर्षांचे दगड उपसावे लागतात, प्रवाळ हलवावे लागतात. आईच्या समोर, खांद्यापर्यंत हात घालून मी टाकी उपसत होतो, पाणी गढूळ होत होतं, आणि ती बघत होती. तिला दुसरीकडे वळवायचं मला सुचलंच नाही. पिवळा त्याच दुपारी गेला. छोटे मासे पाठोपाठ. क्लाउनची जोडी बाल्कनीत हलवली, नवं पाणी, पुरा डोस, सगळं केलं. मादी दुसऱ्या दिवशी तळाशी पडलेली दिसली. दादला आणखी दीड दिवस तिच्याशिवाय त्या पाइपात बसून होता. मग तोही गेला.

आईला मी सांगितलं. ती मोठ्यानं रडली, मीही रडलो. चहाच्या वेळेपर्यंत ती विसरली होती आणि दादला कुठे गेला म्हणून विचारत होती. पुन्हा सांगितलं, पुन्हा ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी रडली. तिसऱ्यांदा सांगायची माझी हिंमत झाली नाही.

आणि आई काही गेली नाही. मुलानं असं लिहू नये, पण लिहितो. एक आठवडा गेला, दुसरा गेला, ती पेज प्यायला लागली, लघवी सुधारली. डॉक्टरही चकित झाले, चांगलंय म्हणाले. मला आनंद झाला का? झाला. पण दर सकाळी तिला डोळे उघडताना बघून आनंद व्हायचा आणि त्याच क्षणी नजर टाकीकडे जायची. मासे नसलेली टाकी दोन-अडीच महिने तशीच चालू ठेवावी लागते, किडे उपाशी मरेपर्यंत. त्यामुळे दिवे लागत होते, पंप चालू होते, काचेवर गोगलगायी सरकत होत्या, आणि आई बघत पडलेली असायची. घरात दुसरं काही बघण्यासारखं मी ठेवलं नव्हतं.

एके सकाळी दूध तापवताना कॅलेंडरवरचा गोल दिसला. ती तारीख आजचीच होती. माझ्याच अक्षरात लिहिलेलं, पिवळा सुटतो. मी गॅस बंद केला. धीर धरला असता तर आज त्याला सोडला असता, दादल्याच्या शेजारी, आणि बघायला आई होती. माझ्या आईचे दिवस मीच कमी धरले होते, तिनं नाही.

चहा घेऊन बाहेर गेलो. चमच्यानं पाजत होतो, तेवढ्यात तिनं टाकीकडे बघितलं.

"पिवला आयला का रं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, नाही, अजून बाल्कनीत आहे. सव्वा महिना व्हायचाय.

तिनं मान हलवली. डाव्या हातानं माझं मनगट धरलं, आणि बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी राहून बोलायची त्या आवाजात म्हणाली,

"मंग होऊ दे. घाई करू नको."