मिसचा नाताळ

"देवाचं मला सांगू नका. सण आहे, सण," असं म्हणत मिस पितळी डब्याचं झाकण उघडायच्या आणि ज्याने देवाचा विषय काढला असेल त्याच्यापुढेच डबा आधी धरायच्या.

१९७३ साली मी नाशिकच्या एका सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, तेव्हा मिस तिथे टायपिस्ट होत्या. वय चाळिशीचं, लग्न केलेलं नाही, रंग काळासावळा, साडी कडक इस्त्रीची. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मिसच म्हणत. जन्माने नाही पण वाढीने त्या कॅथलिक. चार-पाच वर्षांच्या असताना कोणीतरी त्यांना शहराबाहेरच्या एका मिशनच्या वसतिगृहात आणून सोडलं होतं. नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळं तिथलंच. त्या वसतिगृहाचं नाव सांगून आता काही उपयोग नाही. ते बंद पडलं.

मिस चर्चमध्ये पाऊल टाकत नसत. पण नाताळ त्यांच्याइतका कसून पाळणारं माणूस मी पाहिलेलं नाही. डिसेंबर लागला की शरणपूर रोडच्या त्यांच्या दोन खोल्यांत बशीमध्ये नागली, म्हणजे नाचणी, पेरली जायची, गोठ्याच्या देखाव्यात हिरवं शेत हवं म्हणून. कामट्या आणि पतंगाचा कागद आणून चांदणी त्या स्वतः करायच्या. करंज्यांसारख्या नेवऱ्या, पेरूच्या वड्या आणि कुलकुल. कुलकुल म्हणजे मैद्याची गोळी कंगव्यावर दाबून वळवायची आणि तळून पाकात घोळवायची. मला तीन वर्षं शिकवूनही माझ्या कुलकुलांना त्या "गोगलगाई" म्हणत.

आमचे हेडक्लार्क एकदा म्हणाले, "मिस, चर्चला जात नाही, मग नाताळ कसला?"

"तुम्ही सत्यनारायणाच्या पूजेला झोपता, मग प्रसाद कसला?" मिसनी टाइप करता करता विचारलं. वर पाहिलंसुद्धा नाही.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस त्या मांसमच्छी शिवायच्या नाहीत. गुड फ्रायडेला नुसत्या पेजेवर राहायच्या. माझ्या लग्नाचं मटणाचं जेवण नेमकं त्याच दिवसांत आलं. मिसनी वरणभात वाढून घेतला. मी रुसले. म्हटलं, "तुमचा तर विश्वासही नाही."

"विश्वास नाही, सवय आहे. ती मोडली तर माझ्याकडे काय राहतं?"

हे त्यांनी हसत सांगितलं, म्हणून मीही हसले. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, जी आपलं सगळ्यात खरं वाक्य विनोदासारखं बोलून टाकतात आणि आपण टाळी देऊन मोकळे होतो.

एकदाच त्यांनी नीट सांगितलं होतं. वसतिगृहात वर्षभर मार असायचा. पाठांतर चुकलं तर खड्यांवर गुडघे टेकायचे. फक्त नाताळच्या दिवशी कोणी मारत नसे. त्या दिवशी गोड मिळायचं, केसांना तेल लागायचं. "वर्षातला एक दिवस कोणीतरी माझ्या डोक्यावरून हात फिरवायचं. तो दिवस मी कसा सोडू? देव बाकीच्या दिवशीही तिथेच होता ना?"

दरवर्षी नाताळच्या आदल्या दिवशी त्या वसतिगृहाच्या जुन्या आयाला फराळ नेऊन द्यायच्या. म्हातारी फाटकाशेजारच्या खोलीत एकटी राहायची. १९७९ साली मिसचा पाय मुरगळला होता, म्हणून डबा घेऊन मी सोबत गेले. आया फार थकली होती. बोलता बोलता भरकटायची. तिने एक नेवरी तोंडात घातली आणि म्हणाली, "तुझी आय पन याच दिसांत यायची बघ."

मिसनी विचारलं, "कोणाची आई?"

"तुझी. डोंगरातून कामाला खाली सायखेड्याकडं जायची ना ती मानसं, त्यांच्यासंगं. दर नाताळाला फाटकाशी उभी राहायची. तुझं जुनं नाव घेऊन म्हनायची, येकदा दावा मला. आम्हाला हुकूम होता, पोरीला दावायचं नाय. पोर रडती, मग इकडं रुळत नाय."

मी मिसकडे पाहिलं. त्यांचा चेहरा टायपिंग करतानाचाच होता.

"काही आणायची का ती?"

"नागलीची भाकर, भाजल्याला कंद. गाठोडं ठिवून जायची." आया खाली बघून म्हणाली, "आमीच खायचो, बाय. लय गोड असायचा कंद."

"मग यायची का थांबली?"

"मोठ्या बाई नव्या आल्या, त्यांनी सांगितलं, पोरगी तापानं मेली म्हन. माझ्याच तोंडून सांगायला लावलं. नऊ-धा वर्साची असशील तू. आत गोठ्याम्होरं गानं म्हनत व्हतीस. फाटकापातूर ऐकू येत व्हतं."

मिस उठल्या. डबा तिथेच ठेवला, झाकणसुद्धा घेतलं नाही. रस्त्यात माझा हात धरून लंगडत चालल्या होत्या. मधेच म्हणाल्या, "मी मोठ्याने गायचे गं. सगळ्यांत मोठ्याने."

राहिलेला डबा आणायला मी पुन्हा गेले, तेव्हा आयाने मिसचं जुनं नाव आणि गावाचं नाव सांगितलं. पेठच्या पुढे, घाटाखाली. जानेवारीत पेठ नाक्यावरून एसटी धरून आम्ही दोघी गेलो. शेवटचे तीन मैल पायी. मिसनी आपलं ते जुनं नाव सांगून गावात चौकशी केली. ते नाव मी इथे लिहीत नाही. ते कचेरीत कळलेलं त्यांना चाललं नसतं.

भाऊ सापडला. मिसपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठा, पण सत्तरीचा दिसत होता. कुडाच्या घराच्या ओट्यावर त्याने आम्हाला घोंगडी घातली. मिसनी सगळं सांगितलं. भाऊ म्हणाला, "आय गेली. तीन पावसाळं झालं."

"तीन?"

"व्हय. बाप मेला त्या साली खायला नव्हतं, म्हनून तुला तिकडं दिली. मला ठिवला, काम करील म्हनून. मंग तू मेली असं सांगितलं त्यांनी. आम्ही तुझे दिवस घातले. दर आखाजीला मेलेल्यांचं पान वाढतो, त्यात तुझं पान आय आपल्या हातानं वाढायची."

एवढं बोलून तो रडला. मिस रडल्या नाहीत. त्याच्या गुडघ्यावर हात ठेवून बसून राहिल्या. मला वाटलं, आता सगळं ठीक होईल.

तेवढ्यात भावाचा मुलगा शेतावरून आला. पंचविशीचा, शाळा शिकलेला. बापाने ओळख करून दिली, तेव्हा तो आमच्या चपलांकडे, माझ्या पर्सकडे बघत राहिला आणि अगदी आदराने म्हणाला, "बाई, सातबाऱ्यावर नाव लावायला आल्या का?"

भावाने त्याला दटावलं नाही. तोही मिसच्या उत्तराची वाट बघत होता. ते मिसनीही पाहिलं.

"नाही रे बाबा," मिस म्हणाल्या. "मेलेल्यांचं नाव लागतं का सातबाऱ्यावर?"

मुलगा मोकळेपणाने हसला. मग चहा आला. मिसनी नेलेल्या नेवऱ्या पोरांनी खाल्ल्या. निघताना भाऊ गावाच्या वेशीपर्यंत आला. "ये परत" म्हणाला नाही. "जपून जा" म्हणाला.

एसटीत मिस खिडकीपाशी बसल्या. मी समजूत घालायला लागले, भाऊ साधा आहे, मुलगा अडाणी आहे. त्या म्हणाल्या, "तो अडाणी नाही. त्याने बरोब्बर विचारलं. चाळीस वर्षांनी माणूस कशाला येतं?"

पुढच्या डिसेंबरात मला वाटलं, आता मिस नाताळ करणार नाहीत. पण बशा मांडल्या गेल्या, चांदणी लागली, डबा कचेरीत आला. नव्या एका कारकुनाने विचारलं, "मिस, तुम्ही खूप धार्मिक आहात का?" आम्ही जुने लोक त्यांच्या ठरलेल्या उत्तराची वाट बघू लागलो. मिसनी नुसतं "घ्या" म्हटलं आणि डबा पुढे सरकवला.

त्या गावी त्या परत गेल्या नाहीत. तिकडूनही कोणी आलं नाही. वसतिगृहाच्या आयाला मात्र मरेपर्यंत फराळ पोचत राहिला. त्या स्वतः जात नसत, माझ्या हाती पाठवत. मी चिडून म्हटलं होतं, "तिला कशाला देता? तिने तुमच्या आईची भाकर खाल्ली."

"म्हणून तर. आईच्या हातची चव माहीत असलेली इथे तीच एक राहिली आहे."

१९८७ च्या मार्चमध्ये, ईस्टरच्या आधीच्या त्या चाळीस दिवसांतच, मिस घरी पडल्या आणि दवाखान्यात दोन दिवसांनी गेल्या. रक्ताचं कोणी नव्हतं. गावी तार केली, उत्तर आलं नाही. अंत्यविधीचं विचारायला मी आणि हेडक्लार्क चर्चच्या फादरांकडे गेलो. मी घाबरतच सांगितलं, त्या कधी चर्चला येत नसत.

"येत नसत," फादर म्हणाले, "पण दर नाताळला माझ्याकडे ताट यायचं. आत यायच्या नाहीत, दारातून द्यायच्या. जागा देऊ आपण." तरुण, भला माणूस होता. त्याने नोंदवही उघडली, पेनाला शाई भरली आणि एकेक रकाना विचारू लागला. नाव. वय. नोकरी. राहण्याचं ठिकाण. सगळं मी भराभर सांगितलं.

"आईचं नाव?"

त्या ओट्यावर आम्ही दुपारभर बसलो होतो. भाऊ आईबद्दल एवढं बोलला, मिसनी ऐकलं, मी ऐकलं. आईचं नाव काय, हे मिसनी विचारलं नव्हतं. मीही नाही.

फादरांनी रकान्यात एक आडवी रेघ ओढली आणि पुढचा प्रश्न विचारला.