पार्किंगमधला झरा

बिबवेवाडीत टेकडीच्या उतारावर आमची सोसायटी. पार्किंगच्या कोपऱ्यातल्या भिंतीतून बारा महिने पाणी झिरपायचं. सगळे म्हणायचे, ड्रेनेज फुटलंय. अरे, ड्रेनेजचं पाणी इतकं नितळ असतं का? झरा होता तो! ते पाणी चरातून मागच्या ओढ्यात जायचं, आणि भर मे महिन्यात ओढ्यात जे डबकं उरायचं ते त्याच्याच जिवावर. दर रविवारी आम्ही चार-पाच रिकामटेकडे (हे आमच्या ह्यांचं विशेषण) हातमोजे घालून तिथलं प्लास्टिक उपसायचो. डबक्यात बोटाएवढे मासे होते. ते दिसले की माहेरचं कुणी भेटल्यासारखं वाटायचं मला.

मग सभेत ठराव आला, गळती कायमची बंद करायची. मी अक्षरशः हात जोडले. "अहो, बुजवू नका. ओढा मरेल, आणि त्यातूनच मुरणारं आपल्या बोअरचं पाणीही जाईल."

चेअरमन हसले. "काकू, गटाराचं पाणी आहे हो ते."

माझं डोकंच फिरलं. खाली गेले, पेला भरून आणला आणि सगळ्यांसमोर घटाघटा प्यायले. थंडगार, गोड पाणी. मग मागून आवाज आला, "जुलाब झाले तर सोसायटी जबाबदार नाही, मिनिट्समध्ये घ्या." हशा पिकला. हात वर झाले, त्यात ह्यांचाही होता. घरी विचारलं तर म्हणाले, "गाडी गंजतेय ना गं."

वॉटरप्रूफिंगवाल्याने भिंतीत भोकं पाडून केमिकल भरलं. उन्हाळ्यात ओढा आटला. शेवटच्या डबक्यात मी घरून बादल्या नेऊन ओतत राहिले, वेड्यासारखी. काय उपयोग! मासे पांढरी पोटं वर करून पडले होते. तिथेच चिखलात बसून मी ढसाढसा रडले. मग बोअरही आटलं. आता रोज टँकर येतो.

परवा ह्यांनी टँकरच्या पाण्याचा पेला उजेडात धरला. "गढूळ वाटतंय. तू बघतेस का पिऊन?"

मी तशीच खाली उतरले. पार्किंगमध्ये जाऊन त्या भिंतीला हात लावला. ठणठणीत कोरडी. वॉटरप्रूफिंगवाला जाताना म्हणाला होता, "काकू, दहा वर्षांची गॅरंटी. थेंब येणार नाही."

माणूस शब्दाचा पक्का निघाला.