महादेवीअक्काची रेघ

नदीकडून सोनपेठच्या बाजाराला येणाऱ्या वाटेवर शिवरुद्रअप्पाचा लाकडाचा अड्डा होता. अड्डा म्हणजे तरी काय, एक चिंच, चिंचेखाली पुरुषभर खोल खड्डा, खड्ड्यावर आडवे टाकलेले दोन दांडगे ओंडके, आणि या सगळ्यावर अखंड चालणारी अप्पाची जीभ. निजामाच्या राजवटीतली ती लढाईची सालं. यंत्रावर लाकूड कापतात हे गावानं नुसतं ऐकलं होतं. दाराची फळी असो की गाडीची साटी, कापायची ती दोन माणसांनी, एका लांब आऱ्यानं. ओंडका खड्ड्यावर चढवायचा. एकानं त्यावर उभं राहून आरा उचलायचा नि रेघ सांभाळायची. दुसऱ्यानं खड्ड्यात उतरून आरा ओढायचा नि भुसा खायचा.

पंचवीस वर्षं अप्पा वर उभा होता. खाली बारा वर्षं लिंबाजी होता. एके दिवशी लिंबाजी खड्ड्यातून बाहेर आला, डोळे धुतले, आणि परभणीला कापसाच्या कारखान्यात कामाला निघून गेला. अप्पाशी भांडण नव्हतं. "अप्पा, आता मला जरा आभाळ बगू द्या," एवढंच म्हणाला.

खाली उतरायला दुसरं कुणी तयार होईना. आठ दिवस आरा चिंचेला टेकून राहिला. नवव्या दिवशी अप्पाच्या बायकोनं, महादेवीनं, लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला, डोक्याला नि तोंडाला फडकं बांधलं आणि ती खड्ड्यात उतरली. बाजाराला जाणाऱ्या बाया हसल्या. महादेवी खालूनच म्हणाली, "हसा बायांनो, जात्यापरीस हे सोपं हाय. हितं दळण तरी पुन्हा चाळावं लागत न्हाई."

ती हाडापेरानं मजबूत होती, आणि कामाला लागली की तिला गाणं सुचायचं. फडक्याआड तिची गुणगुण चालायची, वर अप्पाच्या बढाया चालायच्या. "माझी रेघ म्हंजे दोरीवरलं पाणी," अप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचा.

पण खरी गोष्ट खड्ड्यातच कळायची. कापण्याआधी गेरूत भिजवलेलं सूत ताणून ओंडक्यावर मारायचं, की लाल रेघ उमटायची. एक वरच्या अंगाला, एक खालच्या. दोनतीन महिन्यांत महादेवीच्या ध्यानात आलं, की वरून येणारा आरा खालची रेघ सोडून भलतीकडे निघतो. ती गुपचूप खालून दाब देई आणि त्याला वाटेवर आणी. बाभळीचं लहान लाकूड तेवढं ऐकायचं. फळी सरळ निघायची, अप्पा मिशीवरचा घाम पुसून म्हणायचा, "बगितलं का हात?" महादेवी म्हणायची, "बगितला."

अप्पाच्या डोळ्यांत फूल पडायला लागलं होतं. त्यानं ते कुणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही. पण एका सकाळी तो भिंतीवर वाळत घातलेल्या घोंगड्याला हात जोडून "शरणार्थ" म्हणाला, घोंगडं बोलेना म्हणून "लय माज आला का रे?" असंही विचारलं, तेव्हा महादेवीला आधी हसू आलं आणि मागाहून सगळं उमगलं. रेघ दिसत नाही तो करवतवाला कसला? अड्डा मोडला असता, आणि अड्ड्याशिवाय अप्पा म्हणजे देव नसलेलं देऊळ.

अशात भुजंग भोई आला. गोदावरीवर तो नाव चालवायचा. नावेचा तळ कुजला होता, पलीकडच्या गावांचा बाजार थांबला होता. त्यानं जिंतूरच्या डोंगरातून एक सागवान आणलं होतं. जंगल खात्याच्या कचेरीत चार महिने खेटे घातले, तेव्हा कुठं त्यावर नाकेदाराच्या हातोड्याचा शिक्का बसला होता.

"अप्पा, दुसरं लाकूड मिळायचं न्हाई," भुजंग म्हणाला. "फळी बोटभर वाकली तर सांधा बसत न्हाई, अन् सांधा बसला न्हाई तर माणसं बुडतेत."

"माझ्या हातची फळी वाकली असं ऐकलं का कधी?" अप्पा म्हणाला. महादेवीनं खाली मान घातली.

चौदा हात लांब नि मिठीत न मावणारा तो ओंडका खड्ड्यावर चढला. पहिल्यांदा बाहेरची साल काढायची होती. आरा हातभर गेला आणि रेघ सोडून निघाला. महादेवीनं खालून जोर लावला, पण सागवान कुठलं ऐकायला? साल गेली तर जाऊ द्या, पण उद्या फळी निघायची होती. तिनं आऱ्याची मूठ सोडून दिली आणि भुशानं माखलेली वर आली.

"अवो, रेघ तिकडं चालली अन् आरा इकडं चालायलाय," ती हळू म्हणाली. "उद्यापासून म्या वर उभी राहते."

"बायकोचे पाय नवऱ्याच्या डोक्यावर?" अप्पा म्हणाला. "गाव काय म्हणंल?"

"गाव म्हणंल ते म्हणंल. तुमाला दिसायलं न्हाई."

अप्पानं आरा चिंचेला टेकवला आणि तो घराकडं निघाला. पंचवीस वर्षांत अड्ड्यावर एवढी शांतता झाली नव्हती. त्या दिवशी तो जेवलाही नाही, आणि महादेवीलाही घास गेला नाही. आपण खरं बोललो याचंच तिला वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं रोजच्यासारखी पूजेला बसली. गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन अप्पानं बेलाचं पान वाहिलं. पान लिंगावर न पडता मांडीवर पडलं. दुसरं जमिनीवर पडलं. महादेवीनं स्वतःच्या तळहातावरचं लिंग सांभाळत तिसरं पान उचललं आणि अप्पाच्या लिंगावर ठेवलं.

"तुमच्या गळ्यात लिंग हाय, माझ्या बी हाय," ती म्हणाली. "तुमच्या डोक्यावर माझे पाय कशाला बगता? डोक्यावर लिंग हाय म्हणा की."

अप्पानं लिंगावरचं पान बोटानं चाचपलं. मग म्हणाला, "पण लोकांनी बगायला नगं."

यावर त्यानं अक्कल चालवली. बुरुडाकडून चार तट्टे आणले, खड्ड्याभोवती उभे केले, आणि आत उतरला. आता कुणाला काही दिसायचं नाही, म्हणून खूश झाला. तट्टे पुरुषभर उंच होते. खाली असलेला अप्पा आधीच खड्ड्यात झाकलेला होता. दिसत होती ती ओंडक्यावर उभी असलेली महादेवी, कमरेपासून वर, तट्ट्यांवरून खालीवर होताना. बाजाराचा दिवस होता. दुपारपर्यंत साऱ्या सोनपेठेला कळलं.

लोक हसले, पण लवकरच त्यांना वेगळाच चमत्कार दिसला. अप्पा गप्प होता. तोंड उघडलं की भुसा आत. त्याच्या बढाया थांबल्या आणि वरून महादेवीच्या गप्पा सुरू झाल्या. पंचवीस वर्षांचं साठलेलं ती बोलत होती, आणि बोलता बोलता आरा लाल रेघेवरून तसूभर हलत नव्हता.

संध्याकाळी अप्पा वर आला, भुवया पांढऱ्या झालेल्या. चूळ भरत म्हणाला, "लिंबाजीनं बारा वर्षं हे खाल्लं. माणूस भला होता."

दहा दिवसांत फळ्या निघाल्या. सुतारानं नाव जुळवली, सांध्यांत ताग नि राळ भरली, आणि बाजाराच्या दिवशी ती गोदावरीत उतरली. काठावर ही गर्दी. नव्या नावेच्या पहिल्या खेपेला नारळ घेऊन पुढं बसायचा मान फळ्या कापणाऱ्याचा. भुजंगानं नारळ अप्पापुढं धरला आणि विचारलं, "अप्पा, रेघ तुमचीच ना?"

महादेवीनं अप्पाकडे पाहिलं. नवऱ्याला ती ओळखून होती. समोर एवढी माणसं आणि बढाईची अशी आयती संधी, सोडवणार कशी?

अप्पानं मिशीवरून हात फिरवला. "रेघ तिची," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "म्या भुसा खाल्ला." आणि नारळ महादेवीच्या हातात दिला.

ती पुढं उंचावर बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि तिनं ते पुसलेही नाहीत. अप्पा तिच्या पायाशी, नावेच्या तळाशी बसला. नाव मधल्या धारेला लागली तेव्हा तिनं खाली पाहिलं. अप्पा तळहात टेकून एकेक सांधा चाचपत होता, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग त्यानं तो हात वर करून तिला दाखवला. हात कोरडा होता.