पेंढ्याचं पारडू

माझ्या थोरल्या बहिणीची म्हैस माझ्यामुळे गेली, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. अक्काला ते कळलं असावं, पण ती कधी तसं बोलली नाही, आणि मीही कबूल केलं नाही. आता पन्नाशी उलटल्यावर निदान लिहून तरी टाकावं असं वाटतं.

ऐंशीच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी नाशिकला एका तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायक होतो. आमच्याकडे मायक्रोप्रोसेसरची किटं नवीनच आली होती. पाटीएवढा हिरवा बोर्ड, कॅल्क्युलेटरसारखी बटणं आणि वर लाल उजेडाचे सहा आकडे. त्याच सुमारास एका प्राध्यापकांचं रेडिओवर चालणारं छोटं विमान गंगापूर धरणाकडच्या माळावर पडून मोडलं. त्यातल्या तीन सर्व्हो मोटारी त्यांनी मला देऊन टाकल्या. काडेपेटीहून जरा मोठ्या. साधी मोटर नुसती गरगर फिरते. सर्व्होला ‘इतकीच वळ आणि तिथे थांब’ असं सांगता येतं. किटकडून तिला हे कसं सांगायचं ते शिकण्यात माझे तीन महिने गेले. शेवटी पुठ्ठ्याचा एक बगळा मान वळवून बघू लागला, तेव्हा सगळा विभाग टेबलाभोवती जमला. लोकांनी असं जमावं, याची चटक मला तिथेच लागली.

दिवाळीच्या सुट्टीत मी अक्काकडे गेलो. दिंडोरीजवळच्या एका खेड्यात तिचं सासर. दाजी पिंपळगावला टेंपोवर ड्रायव्हर होते, आठवड्यातून एकदा घरी यायचे. घरात अक्का आणि तिची सासू. अक्काची म्हैस नुकतीच व्यायली होती आणि सहाव्या दिवशी पारडू मेलं होतं. पारडू समोर नसेल तर म्हैस पान्हा सोडत नाही, दूध वर ओढून धरते. त्यामुळे अशा वेळी गावात करतात तेच तिथेही केलं होतं. मेलेल्या पारड्याचं कातडं मीठ लावून वाळवायचं, त्यात पेंढा भरून शिवायचं आणि धार काढताना म्हशीपुढे ठेवायचं. अक्का त्यावर मिठाचं पाणी शिंपडायची. म्हैस चाटत राहायची आणि बऱ्याच वेळाने कास भरून यायची.

“लय वेळ लावती, पण देती,” अक्का म्हणाली.

“पेंढा चाटून किती दिवस देणार?” सासू ओट्यावरून म्हणाली. “आटली का बाजार दाखवायचा. बसून खाणारं जनावर नको मला दारात.”

अक्काने मान वर केली नाही. ही म्हैस आमच्या आईने तिला लहान पारडी असताना दिली होती. त्या घरात तिची स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक गोष्ट होती.

मी म्हणालो, “अक्का, मी या पारड्याला हलतं करून देतो.”

“कशाला? चाललंय ना.”

तिथेच मी थांबायला हवं होतं. दुसऱ्याच दिवशी नाशिकला जाऊन, रजिस्टरमध्ये ‘दुरुस्तीसाठी’ असं लिहून, मी एक किट पिशवीत घालून आणलं.

पारड्याच्या पोटाची शिवण उसवली. डोक्यातला पेंढा काढून तिथे थर्माकोल बसवला, कारण मोटारी नाजूक होत्या, त्यांना वजन झेपलं नसतं. एक मोटर मान वर-खाली करायला, दुसरी बाजूला वळवायला, तिसरी शेपटीला. मग शेजारच्या गोठ्यातलं जिवंत पारडू मी एक अख्खी दुपार बघत बसलो. दोन ढुशा देतं, थांबतं, पुन्हा एक देतं, मग मान वळवून आईकडे बघतं. ते सगळं मी वहीत आकड्यांत उतरवलं. दीडशेच्या आसपास आकडे झाले. ते एकेक करून बटणांनी भरायचे. वीज गेली की किट सगळं विसरणार. पहिल्या दिवशी निम्मे आकडे भरल्यावर वीज गेली. दुसऱ्या दिवशी शेवटचे दहा राहिले असताना गेली.

“तुझ्या पारड्याला शाळा लय अवघड पडती,” शेजारी म्हणाला, आणि हसत आपल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढून घेऊन आला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पारडू हललं. म्हैस दचकून मागे सरली, दाव्याला ताण दिला, फुसफुसली. पारड्याने दोन ढुशा दिल्या, थांबलं, आणि मान वळवून तिच्याकडे बघितलं. तिच्या गळ्यातून एक बारीक आवाज आला, मी तो पूर्वी कधी ऐकला नव्हता. ती पुढे आली आणि त्याला चाटायला लागली. अक्का खाली बसायच्या आतच सडांमधून दूध ठिबकत होतं.

“भाऊ,” अक्का हळू म्हणाली, “मोठी बादली आण.”

दुसऱ्या दिवसापासून धारेच्या वेळेला लोक येऊ लागले. कुणी पारड्याची शेपूट बघून हसायचे, कुणी मला विचारायचे की असा माणूस करता येईल का. मी सगळ्यांना समजावून सांगायचो. सासू मात्र लांबच उभी राहायची.

“मेलेल्याला नाचवतोय हा,” ती म्हणाली.

“आत्याबाई, दूध तर येतंय ना,” अक्का म्हणाली.

“येतंय. म्हणूनच भ्या वाटतंय.”

छाटणी होऊन द्राक्षबागांच्या फवारण्या सुरू होत्या. पाचव्या दिवशी सकाळी ऐन धारेच्या वेळी शेजारी बॅटरी मागायला आला. त्याला नाही म्हणता येण्यासारखं नव्हतं. मी तारा काढल्या आणि पारडू अर्धी मान वळवून तसंच थांबलं. म्हशीने त्याला नाकाने ढकललं. चाटलं. परत ढकललं. मग तिने तोंड वर केलं आणि रेकायला लागली. अक्काने कास चोळली, मिठाचं पाणी शिंपडलं, भिजवलेल्या पेंडीचं अंबोण पुढे ठेवलं. एक थेंब आला नाही. बॅटरी परत आली, मी सगळे आकडे पुन्हा भरले आणि पारडू हललं, तेव्हा कुठे तिने दूध दिलं.

तेव्हाच मला सगळं समजलं. आधीचं पेंढ्याचं पारडू कधी हललंच नव्हतं, त्यामुळे ते थांबायचा प्रश्न नव्हता. आता ते थांबलं की तिच्या लेखी मेलं.

बादली उचलता उचलता अक्काने विचारलं, “तू हे घेऊन गेल्यावर ती देईल ना रे पयल्यासारखी?”

“देईल,” मी म्हणालो. “सवय होईल.”

माझ्या हातात अजून चार दिवस होते. रोज थोडं थोडं हलणं कमी करत नेलं असतं तर कदाचित तिची सवय मोडली असती. हे मला त्याच दिवशी सुचलं होतं, नंतर नाही. पण दुसऱ्या दिवशी दिंडोरीचे शाळामास्तर बघायला येणार होते. मी हलणं कमी तर केलं नाहीच, उलट शेपटीची मोटर काढून कानाला लावली, कारण कान हलला की ते अधिक खरं दिसायचं.

सुट्टी संपली. मी पारड्यातून मोटारी काढल्या, शिवण घातली आणि किट घेऊन नाशिकला आलो.

रविवारी गेलो तेव्हा म्हशीपुढे वैरण तशीच पडलेली होती. कास दगडासारखी झाली होती आणि अक्का गरम पाण्याच्या फडक्याने शेकत होती. गुरांच्या डॉक्टरांनी पान्ह्याचं इंजेक्शन दिलं होतं, त्यावर दोन दिवस दूध आलं आणि परत बंद झालं. म्हैस दर थोड्या वेळाने पारड्याला नाकाने ढकलून बघत होती.

“ते यंत्र आठ दिवस अजून मिळंल का?” अक्काने विचारलं. “मागून बघ ना साहेबांना.”

पुढच्या रविवारी मी तिला सांगितलं की मागितलं, पण देत नाहीत. मी मागितलंच नव्हतं. मागायला गेलो असतो तर पहिल्या वेळी न विचारता नेलं होतं हे सांगावं लागलं असतं. त्याऐवजी मी भंगारातून गाडीच्या वायपरची एक मोटर नेली. ती थांबायची नाही. पारडू घरघर करत एकसारखी ढुशी देत सुटलं. म्हैस बिथरली, तिने लाथ मारली, शिवण फाटली आणि पेंढा गोठाभर झाला. अक्का तो गोळा करत बसली. मी तिच्याशेजारी बसून पेंढा वेचला. दुसरं काही करण्यासारखं माझ्याकडे नव्हतं.

महिन्याभरात म्हैस पार आटली. दाजी टेंपो घेऊन आले. तोंडावर बाजाराची भाषा करणारी सासूही त्या दिवशी घरातून बाहेर आली नाही.

टेंपोला लावलेल्या फळीवर म्हैस पाय ठेवेना. दाजींनी पुढून दावं ओढलं, शेजाऱ्याने मागून रेटा दिला. ती गोठ्याकडे तोंड करून उभी राहिली.

“मारू नका,” अक्का म्हणाली. ती गोठ्यात गेली आणि फाटकं पारडू उचलून घेऊन आली. ते तिने माझ्या हातात दिलं. “भाऊ, तू वर चढ. हे पुढं धर.”

मी टेंपोत चढलो. पारडू फळीच्या टोकाशी उभं केलं आणि मागे बसलो. म्हशीने वास घेतला, पण हलली नाही. अक्का माझ्याकडे बघत होती.

मी फाटलेल्या शिवणीतून हात आत घातला आणि डोकं हलवलं. दोन ढुशा, थांबायचं, पुन्हा एक, मग मान वळवायची. म्हशीच्या गळ्यातून तो बारीक आवाज आला आणि ती फळीवर चढली.

दाजींनी मागचं फळकट लावलं. म्हैस पारड्याला चाटत होती, आणि मधूनमधून माझ्या मनगटालाही. टेंपो पिंपळगावच्या रस्त्याला लागेपर्यंत मला हात बाहेर काढता आला नाही.